निगेटिव्हवरचं नाक

स्टुडिओत फोटो काढायचे मास्तर, आणि मागच्या खोलीत काचेखाली दिवा लावून निगेटिव्ह दुरुस्त करायचेही तेच. अठ्ठावीस वर्षं झाली होती. टोकदार पेन्सिलीनं त्यांनी कितीतरी जणांचे वांग झाकले, डोळ्यांखालची वर्तुळं घालवली. एका हेडमास्तरांना तर टकलावर केससुद्धा दिले आणि ते खूश होऊन चार प्रती घेऊन गेले.

मास्तर स्वतः काळेकुळकुळीत. त्यांच्या आजोबांना गोदीच्या कामासाठी समुद्रापलीकडून बोटीत घालून आणलं होतं. तीन पिढ्या झाल्या तरी लोक विचारायचेच, तुम्ही मूळचे कुठले? विशीत मास्तरांनी टपालखात्याची परीक्षा दिली, पहिले आले. मग फोटो मागवला आणि अर्ज परत आला. कारण लिहिलेलं नव्हतं. ते लागतही नव्हतं.

तेव्हापासून गोदीकडच्या आपल्या माणसाचा अर्जासाठीचा फोटो हाती आला की मास्तर न विचारता तो उजळ करायचे, नाक बारीक करायचे. आपल्याला जे भोगावं लागलं ते दुसऱ्याच्या वाट्याला नको, एवढाच त्यांचा हिशेब.

एका दुपारी गोदीकडच्या वस्तीतली एक म्हातारी आली. लेक तापानं गेली होती. मागे फोटो एकच, इथेच नोकरीसाठी काढलेला. त्या फोटोवर मुलीला मुलाखतीला बोलावणंही आलं होतं. ती दारातून आत आल्यावर मात्र जागा भरली म्हणून सांगितलं. म्हातारीनं हे सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. तिला फोटो मोठा करून हवा होता.

"फक्त तिला तिच्यासारखी करा, दादा. यात ती माझी वाटत नाही."

मास्तरांनी निगेटिव्ह शोधलं. पेन्सिल पुसली, उजळपणासाठी दिलेला रंग धुऊन काढला. कातडीचा रंग बराचसा परत आला. पण नाकाच्या दोन्ही बाजूंना त्यांनी पात्यानं थर खरवडला होता. खरवडलेली जागा कागदावर सावलीसारखी उमटते आणि बसकं नाक चाफेकळी दिसतं. जे खरवडलं ते गेलं, ते परत आणायची सोय नाही.

हातानं काढून देतो, कसं होतं ते सांगा, असं मास्तर म्हणाले. वडिलांवर गेलं होतं, हसली की पसरायचं, म्हातारीनं सांगितलं. मास्तरांनी कुंचल्यानं दोनदा काढलं. दोन्ही वेळा तिनं नाही म्हणून मान हलवली.

"तुम्ही तर तिला समोर बसवून पाहिलंत ना?"

पाहिलं होतं. हनुवटी धरून मान सरळ केली होती. मास्तरांनी डोळे मिटले, पुष्कळ आठवून पाहिलं. काय काय झाकायचं होतं तेवढं आठवलं. चेहरा काही केल्या आठवेना.

"मावशी, माझं चुकलं," ते म्हणाले.

"असू दे. कपडे तरी तिचेच आहेत." तिनं फोटो पदराखाली घेतला आणि ती गेली.

पुढच्या आठवड्यापासून मास्तर प्रत्येकाला विचारू लागले, आहे तसाच ठेवू का? वस्तीतली एक नर्स दवाखान्यातल्या जागेसाठी फोटो काढायला आली होती. तिला वाटलं, मास्तर थट्टा करताहेत.

"मला नोकरी लागायला नको का, मास्तर?"

नको कसं म्हणणार? मास्तरांनी तिला फोटो न्यायला परवा ये म्हणून सांगितलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.