साडेएकवीस हात

प्रकाश एका पळात किती कोस जातो, हे तुमच्यापैकी कितीजण सांगू शकतील? पळ म्हणजे चोवीस सेकंद. बेंबळीच्या आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी "साडेबावीस लाख" म्हणून त्यांनी पुन्हा कूस बदलली असती. अख्खं विश्व गावच्या मापात बसवायला निघालेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हवेचा दाब त्यांच्या हिशेबानं चौरस वितीला साडेचौदा मण. पहिल्या दिवशी ते ऐकून मागच्या बाकावरची पोरं तासभर वाकून बसली होती. एसटीत धाराशिवचं तिकीट काढताना सर "सात कोस" म्हणत, आणि कंडक्टर थंडपणे म्हणे, "सर, मशिनीत कोस न्हाय. गाव सांगा." आम्ही हसायचो. पण मीटर म्हटलं की फक्त विजेचं आठवावं अशा घरांतली आम्ही पोरं, आम्हाला गुरुत्वाकर्षण कळलं ते सरांच्याच मापानं: पडणाऱ्या दगडाचा वेग दर सेकंदाला साडेएकवीस हातांनी वाढतो. समजायला हात, पेपरात मीटर, असं ते रोज बजावत.

बारावीच्या प्रॅक्टिकलला लंबकाच्या प्रयोगाखाली मी घाईत लिहून बसले, साडेएकवीस हात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद उचलला आणि ही थट्टा कोण शिकवतं, असं सगळ्यांसमोर विचारलं. सर तासिका तत्त्वावर होते. एका तक्रारीवर जाणारी नोकरी. सर पुढं आले. "पोरीचे मार्क कापू नका, साहेब. म्याच असं लिहायला सांगितलंय."

मला मार्क मिळाले. जूनमध्ये सरांना तास मिळाले नाहीत.

माफी मागायला मी परंड्याला त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, पुढं काय शिकतेस ते विचारलं. तासाभरात एकही माप त्यांच्या तोंडून निघालं नाही. निघताना म्हणाले, "झालं ते झालं, बाई. तू शिक."

कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या कागदावर सर आजही चुकीचं शिकवणारे आहेत. हे खोटं आहे. चूक माझी होती, आणि दोन वर्षं मी गप्प बसले. आता तसं माझ्या सहीनं लिहून दिलंय, पण एका सहीला तिथं कुणी विचारत नाही. फिजिक्सचा तास अजून रिकामा आहे. तुम्ही सरांच्या वर्गात बसला असाल, किंवा तुमचं पोर आज त्या रिकाम्या तासाला बसत असेल, तर सोमवारी सकाळी माझ्याबरोबर संस्थेच्या ऑफिसात चला आणि सरांना परत बोलवा म्हणून सांगा.