मानेत टोचलेली सुई

आमच्या घरामागच्या गोठ्याचा मालक आमच्याशी मराठी बोलायचा आणि म्हशींशी कानडी. धार काढताना तर त्याची बडबड थांबायचीच नाही.

एका म्हशीचं रेडकू मेलं आणि ती पान्हा सोडेना. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तेव्हा दूध उतरलं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो हे त्याला ठाऊक होतं. दूध घालायला आला तेव्हा म्हणाला, "मास्तर, सुई मानंत टोचली. रगत तर समद्या अंगात फिरतंय की. मग औषधाला कासच कशी गावली?"

"औषध सगळीकडे जातं, पण त्याला ओळखते ती कास. रेडकू लुचू लागलं की हेच औषध म्हशीच्या डोक्यातून आपोआप रक्तात उतरतं."

त्यानं मला गोठ्यात नेलं आणि एका म्हशीला नावानं हाक मारली. सातही जणींचे कान हलले, उठली ती एकटीच.

"असंच की?"

"अगदी असंच."

दुसऱ्या दिवशी सुई नव्हती. रेडकू जिवंत असताना त्याच्या अंगावर असायचं ते, त्याचा वास लागलेलं गोणपाट त्यानं रेडकाच्या आईच्या तोंडापुढं टांगलं होतं. ती ते चाटत होती आणि बादलीत धार वाजत होती. त्या दिवशी तो तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.