मोकळी नसलेली जागा
आमच्या करावे गावात खाडीकडून सुकत्या जवळ्याचा वास आला की मला एका सरकारी कॉलेजची भिंत आठवते. नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. सरकारी कॉलेजची फी परवडणारी होती. खासगी कॉलेजची फी वडिलांची मासेमारीची होडी विकल्याशिवाय भरता येणार नव्हती, आणि ते ती विकायला तयार होते. "सस्तं जालं पयल्या भरतीलाच फाटतं," ते म्हणाले. ठरवण्यापूर्वी आम्ही दोघे विद्यार्थ्यांचे काम बघायला गेलो. खासगी कॉलेजात गारवा होता, काचेच्या पेट्यांत उंच इमारतींच्या प्रतिकृती होत्या. वडील कौतुकाने बघत राहिले. सरकारी कॉलेजात पोपडे सुटलेल्या भिंतीवर खाडीकाठच्या एका गावाचा नकाशा टाचलेला होता. पाण्यालगतच्या चौकोनात विद्यार्थ्याने 'मोकळी जागा' असे लिहिले होते. शिक्षकांनी ते लाल शाईने खोडून खाली लिहिले होते: 'मोकळी नाही. इथे मासळी सुकते. सकाळी जाऊन बघा आणि पुन्हा काढा.' मी ते वाचून दाखवले. वडील नकाशाजवळ वाकले आणि मोठ्याने हसले. "यो मास्तर गावात फिरलेला हाय. इथंच नाव घाल." "आणि होडी?" मी विचारले. "होडी कशाला इकू? येडा हाय का मी?" आज मी नगररचनाकार आहे. आमच्या गावाच्या नकाशात खाडीलगतच्या पट्ट्यावर 'मासळी सुकवण्याची जागा' असे मीच लिहिले आहे. होडी तिथेच समोर बांधलेली असते.