शून्य फूट पाण्याच्या विहिरी

वीस वर्षं मी नकाशे काढतोय. दोन वर्षांपूर्वी मानपाड्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसला विहिरींचं काम मिळालं. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या जुन्या विहिरी शोधायच्या, मे महिन्यात त्यांत किती फूट पाणी उरतं ते लिहायचं आणि नकाशावर ठिपके मारून द्यायचे. पाणी असेल तर निळा ठिपका, कोरडी असेल तर लाल. लाल ठिपक्यांच्या विहिरी स्लॅब टाकून कायमच्या बंद होणार होत्या. एवढं मला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. पुढचं मात्र अजून नीट कळलेलं नाही.

निम्म्या विहिरी मी मोजल्या. निम्म्या बाहेरून बोलावलेल्या माणसांनी मोजून मोबाइलवर भरून दिल्या. ठाण्यात एका चर्चच्या मागे जुनं गाव आहे. तिथे मी टेप घेऊन पोचलो, तर विहिरीला झेंडूच्या माळा आणि कठड्याशी बँडवाले बसलेले. तिथल्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी विहिरीचं पाणी वाजतगाजत घरी नेतात. सगळा जन्म वर्तकनगरला काढून मला हे माहीत नव्हतं. लग्नघरातल्या एक मावशी धावत आल्या.

"आज नको रे बाबा. आज पोरीचं पाणी हाय. आज आत काय पन टाकायचं नाय."

मग त्याच पाण्याचं लिंबू सरबत त्यांनी मला दिलं. मी दोन ग्लास प्यायलो, नंतर येतो म्हणालो आणि पाण्याचा रकाना रिकामा सोडला. नंतर काही गेलो नाही.

आता भानगड अशी की आमचा नकाशाचा प्रोग्रॅम पायथॉन या संगणकाच्या भाषेत चालतो. पाण्याचा हिशेब मात्र आधीच्या साहेबांनी आर नावाच्या दुसऱ्याच भाषेत लिहिलेला, आणि ते नोकरी सोडून गेलेले. दोन भाषांमध्ये एक पूल बसवलेला होता. इकडून आकडे पलीकडे जायचे, हिशेब होऊन परत यायचे. त्या महिन्यात नकाशाचा प्रोग्रॅम अपडेट झाला आणि पुलाने मान टाकली.

ऑफिसातली प्रोग्रॅमर विठ्ठलवाडीहून यायची. हुशार आणि फटकळ. ती म्हणाली, पुलाला जुनं आर पाहिजे. जुनं आर टाकलं, तर त्याला नवं पायथॉन चालेना. पायथॉन जुनं केलं, तर नकाशाच उघडेना. रोज सकाळी ती काहीतरी काढायची, दुपारी तेच परत टाकायची. मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटत होती.

सातव्या दिवशी ती ओरडली, "सर, रन झालं! एकपण एरर नाही!"

नकाशा ठिपक्यांनी भरला. फक्त काही विहिरींत पाणी दिसत होतं उणे दोनशे चौदा कोटी फूट.

"हे काय आलं, सर?" तिने विचारलं. मला! आठवडाभरात पहिल्यांदाच मला काहीतरी विचारलं जात होतं.

"उणे पाणी असतं का कुठे? कोरड्या असणार. शून्य करून टाक."

"नक्की ना?"

"अगं, वीस वर्षं नकाशे काढतोय मी."

तिने शून्य केलं आणि त्याच रकान्यावर सेव्ह केलं. आम्ही दोघांनी खाली जाऊन वडापाव खाल्ला.

दोन दिवसांनी सकाळी लाल विहिरींची छापील यादी माझ्या सहीला आली. दुपारी चारला ती द्यायची होती. यादीत चर्चमागची विहीर होती. पाणी शून्य फूट. मी ती ओळ तीनदा वाचली. त्या पाण्याची चव माझ्या तोंडात होती.

प्रोग्रॅमरने शोधून काढलं. "सर, तुम्ही तिथे ब्लँक सोडलेलं? रिकाम्या जागेला पलीकडची भाषा तो भलामोठा उणे आकडा देते. 'माहीत नाही' अशी खूण असते ती. परत येताना पुलावर खूण गळाली, नुसता आकडा राहिला."

मी माझी वही काढली. "अशा किती होत्या?"

"आता नाही सांगता येणार. खऱ्या शून्यांत मिसळल्या."

माझ्या वहीत रिकामी जागा एकच होती. बाहेरच्या माणसांना फोन केला, तर त्यांनी सगळं मोबाइलवरच भरलेलं, ते थेट त्याच रकान्यात आलेलं, कागद नाहीत. मी ऑफिसच्या मालकांकडे चार दिवस मागितले. ते म्हणाले, यादी आज जाणार.

मी स्कूटर काढून चर्चमागच्या गावात गेलो. मावशींनी ओळखलं. या वेळी त्यांनी स्वतःच टेपचं टोक धरलं. बारा फूट पाणी निघालं. मी तिथूनच फोन केला आणि लाल ठिपका निळा झाला.

"मग त्या दिवशी काय लिवलंस?" मावशींनी विचारलं.

"काहीच नाही."

"बरं केलंस," म्हणत त्या आत गेल्या आणि सरबत घेऊन आल्या. ग्लास तसाच कठड्यावर ठेवून मी निघालो.

परत येऊन उरलेल्या बावीस लाल विहिरींच्या यादीवर मी सही केली. नोकरी जाईल अशी भीती वाटली, दुसरं कारण नाही. त्या बावीस विहिरींपैकी एकीचंही पाणी मी प्यायलेलो नव्हतो.

आता डोंबिवलीत, कल्याणात कुठल्या जुन्या आवारात गोल स्लॅब दिसला की मी थांबतो. आसपास कोणी नाही असं बघून दगडाने ठोकतो, वाकून कान लावतो. खाली पाणी आहे की नाही, ते वरून कळत नाही.