कंडक्टरबाईंची हवेची डबी

बसच्या नोकरीतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरबाईच म्हणत. आवाजच तसा राहिला होता. अर्धं आयुष्य खचाखच भरलेल्या बसमध्ये माणसांना "पुढे सरका" म्हणण्यात गेलेलं. आता घरात सरकवण्याजोगा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे नवरा. तो घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून खिडकीशी बसायचा आणि बाईंच्या दहा वाक्यांना मिळून एक "हं" द्यायचा. बाईंचा जीव कसा रमणार?

अशात त्यांची कॉलेजात शिकणारी भाची एक पांढरी डबी घेऊन आली. साबणाच्या वडीएवढी, पोटात इवलासा पंखा, वर एक दिवा.

"मावशी, ही हवेतली बारीक धूळ आणि धूर मोजते," भाची म्हणाली. "हवा बरी असली की हिरवा दिवा, बिघडली की पिवळा, फारच बिघडली की लाल. मोठं यंत्र महाग, म्हणून अख्ख्या शहरात एकच आहे. ही स्वस्तातली. सोन्यासारखं तोलून नाही सांगत, पण गल्लोगल्ली लावता येते. तुझ्या गॅलरीत लावू?"

"लाव की. पण लाल झाला तर मी काय करायचं?"

"काहीच नाही गं. आकडे आपोआप माझ्याकडे येतात."

काहीच करायचं नाही, हे बाईंना जन्मात जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीला नवा अंमलदार मिळाला. कुणी स्कूटर चालू ठेवून गप्पा मारायला थांबला की वरून आवाज यायचा, "ओ हेल्मेटवाले! इंजिन बंद करा, दिवा पिवळा झालाय!" दिवा बहुतेक वेळा हिरवाच असायचा, पण सावध केलेलं बरं. लोक इंजिन बंद करायचे. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण रोज संध्याकाळी, रस्त्यावर एकही गाडी नसताना, दिवा खरोखरच लाल व्हायला लागला. बाईंनी चारी दिशांना नजर फिरवली. समोर बेकरी, बेकरीवर धुराडं. झालं! बाई तशाच चपला सरकवून खाली उतरल्या आणि गिऱ्हाइकांच्या घोळक्यातच कडाडल्या, "तुमच्या भट्टीनं गल्लीचा श्वास कोंडलाय!"

बेकरीवाला गरीब स्वभावाचा, भुवयांपर्यंत मैद्यानं माखलेला. "बाई, माझी भट्टी पहाटे पेटते. आत्ता राखसुद्धा गार आहे, हात लावून बघा."

"भट्टीवाले सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी भट्टीवाला पाहिलेला हा एकच.

त्यांनी त्याचा पाव बंद केला. त्यांच्या भीतीनं आणखी चारदोन घरांनीही केला.

"अहो, तुम्ही तरी काही बोला!" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"हं," नवरा म्हणाला.

मग बेकरीवाल्याची लेक बाळंत झाली, म्हणून तो बायकोसकट दुकानाला कुलूप लावून तिच्याकडे गेला. त्या संध्याकाळी बाई विजयी मुद्रेनं गॅलरीत येऊन पाहतात तो काय, दिवा लालबुंद! त्यांनी भाचीला फोन केला, "तुझी डबी बिघडलीय."

भाची दुसरी डबी घेऊन आली आणि पहिलीच्या शेजारी टांगली. दोन्ही हिरव्या.

"आलीयेस तर बस, काहीतरी तळते तुझ्यासाठी," म्हणत बाई आत गेल्या. तेल तापलं, चर्र आवाज झाला. गॅलरीत दोन्ही दिवे आधी पिवळे झाले, मग लाल.

"मावशी, गॅस बंद कर बघू जरा!"

"का गं? आत्ता तर पहिला घाणा पडलाय."

पण त्यांनी बंद केला. थोड्या वेळानं दिवे उतरले. पुन्हा पेटवला, पुन्हा चढले. स्वयंपाकघराची खिडकी थेट गॅलरीत उघडत होती, अगदी डबीच्या नाकासमोर, आणि बाईंचं तळण रोज संध्याकाळचं.

बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. ही घटना घरात पहिलीच. खिडकीशी बसलेल्या नवऱ्याचे खांदे मात्र हलत होते.

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

"हं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यानं भिंग काढलं. "बोललो असतो तर तळण बंद झालं असतं."

भाची हसून लोटपोट झाली. बाईंना हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे तो मैद्यानं माखलेला चेहरा येत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर कोण, तर आपलीच कढई!

बेकरीवाला परतला, तेव्हा बाईंनी मुद्दाम गर्दीची वेळ गाठली. आरोप चारचौघांत, तर माफीही चारचौघांत. "ऐका हो सगळे! धूर माझ्या कढईचा होता, यांचा नव्हे. मी चुकले!"

"बाई, हळू," तो ओशाळून म्हणाला, "फुगलेलं पीठ बसेल." मग आवाज उतरवून म्हणाला, "ती डबी माझ्याकडे लावता येईल का? पहाटे भट्टी पेटली की आत आम्हा दोघांना फार खोकला येतो. बायकोला तर जास्तच."

भाचीनं दुसरी डबी बेकरीत टांगली. पहाटे तिचा दिवा लाल झाला तो उन्हं वर येईपर्यंत उतरलाच नाही. बेकरीवाला आणि मुद्दाम बघायला उतरलेल्या बाई, दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. "बघा, म्हटलं नव्हतं मी?" हे बाईंच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. त्यांना ओळखणारे म्हणतात, एवढा पराक्रम त्यांनी नोकरीतही केला नव्हता.

बेकरीवाल्यानं गवंडी बोलावला, मागची भिंत फोडून खिडकी केली, वर धूर ओढणारा पंखा बसवला. दिवा हिरवा काही झाला नाही, पण पिवळ्यावर आला. बाईंच्या स्वयंपाकघरातही तसाच पंखा आला आणि तळण फक्त रविवारी राहिलं. नवऱ्यानं यावर पुरी दोन वाक्यं बोलून निषेध नोंदवला.

एका सकाळी बेकरीवाल्याची बायको स्वतः जिना चढून गरम पाव घेऊन आली. "आज पहाटे सगळं पीठ मी मळलं," ती म्हणाली, "आणि मध्ये एकदाही खोकत बाहेर पळावं लागलं नाही." बाईंनी तिला आत ओढलं आणि चहाचं आधण ठेवलं.