खांद्यावरची माती

खांद्याचा सांधा बदलायला राजारामपुरीतल्या दवाखान्यात पडलो होतो. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा पैलवान. डॉक्टरांनी त्याला बजावलं, "पुरुषी हार्मोन जास्त आहे, त्यामुळे कातडीवर जंतूही जास्त. नव्या सांध्यात पू होईल. औषधी साबणानं खांदा धुवा." गड्यानं पहिले चारच शब्द ऐकले आणि चांगल्या हातानं मिशी पिळत वॉर्डभर सांगितले. माझा रिपोर्ट साधा, म्हणून माझी कीव केली.

ऑपरेशनच्या सकाळी त्यानं खांदा धुतला आणि वर तालमीतली लाल माती चोळली. ऑपरेशन रद्द!

"बघा पावणं, डॉक्टर भ्याला माझ्या हार्मोनला!"

हात वर होईना म्हणून त्याची बायको त्याला सदरा घालत होती. ती मध्येच थांबली.

"एवढं हार्मोन हाय, तर बटनं तेवढी तुमीच लावा की!"