मिलिंदनं रेकॉर्ड न केलेलं वाक्य

मिलिंदचा आवाज आधी गेला. मिलिंद नंतर गेला.

आज वर्ष झालं.

घशाचा कॅन्सर. नाही, तंबाखू खात नव्हता. सुपारीसुद्धा नाही. मयताला येऊन हेच विचारणारे आज वर्षाच्या पुण्यानुमोदन कार्यक्रमालाही हेच विचारत होते, म्हणून एकदाचं इथं लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिलिंद माझा कॉलेजपासूनचा दोस्त, पुसेगावचा. पुण्यात कमांड लाइन टूल्स लिहायचा. म्हणजे बटणं नाहीत, चित्रं नाहीत, नुसती काळी स्क्रीन. शब्द टाइप करायचा, एंटर मारायचा, काम होतं.

मी म्हणायचो, "लेका, तुझं काम बायोडाटात लिहिलं तर पोरगी कोण देईल?"

"बराबर आहे. म्हणूनच कुणी देऊन न्हाई राहिलं."

ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

सगळे म्हणाले, त्यात काय, मोबाइलवर लिहून दाखवायचं.

पण मावशीला, म्हणजे त्याच्या आईला, वाचता येत नाही.

मोबाइलमधला तयार आवाज लावून पाहिला. मावशी म्हणाली, "ही कोन बाई बोलून राहिली?" आणि उठून गेली.

मग हा सुट्टी टाकून गावाकडे येऊन बसला आणि स्वतःसाठी टूल लिहायला घेतलं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तयार कोडची एक लायब्ररी आहे. एक फंक्शन लिहायचं, त्याच्या डोक्यावर एक ओळ टाकायची, झाली कमांड तयार. त्याची एकेक कमांड म्हणजे त्याच्याच आवाजातलं एकेक वाक्य.

टूलचं नाव ठेवलं 'बोल'.

'बोल पाणी' लिहिलं की लॅपटॉप म्हणणार, "आई, पाणी दे गं."

"अ‍ॅप कर ना बटणांचं," मी म्हणालो.

"बटनं हुडकत बसू का? दोन अक्षरं टाकली, टॅब दाबलं की बाकीचा शब्द आपोआप येतो. मग एंटर. बोलायला माणसाला एवढाच टाइम लागतो."

रेकॉर्डिंगला मी सोबत होतो. दारं लावलेली, पंखा बंद, दोघंही घामाघूम. आवाज तेव्हाच बसायला लागला होता. प्रत्येक वाक्य दोनदा घ्यायचं, एकदा साधं, एकदा जोरात. मावशी अंगणात असली तर ऐकू जायला पाहिजे ना. त्यासाठी कमांडपुढे 'जोरात' असा ऑप्शन ठेवला होता.

मला द्यायच्या शिव्या मात्र फक्त जोरातच घेतल्या.

"'दुखतंय' पण घे," मी म्हणालो.

"काहून?"

"अरे, लागेल."

"न्हाई लागत. आईला काय करायचं ते? 'दुखत न्हाई' घे."

आणि हसत हसत बोलला ते वाक्य. ती फाइल अजून हसरीच आहे.

ऑपरेशन झालं. काही महिने टूल झकास चाललं. मावशी चुलीपाशी, हा बाजेवर, दोघांचं भांडणसुद्धा व्हायचं त्याच्यातूनच. मला वाटलं, सुटलो आपण.

मग आजार उलटला.

शेवटच्या दिवसांत मी तिथंच होतो. मावशी विचारायची, "दुखून राहिलं का रे लेकरा?"

तो अंगाचं मुटकुळं करून पडलेला. हात तेवढा कीबोर्डवर.

दोन अक्षरं. टॅब. एंटर.

"दुखत न्हाई, आई," लॅपटॉप हसत सांगायचा.

मावशी "बरं" म्हणायची आणि तिथंच बसून राहायची. मला वाटायचं, चला, हिला तरी धीर येतोय. मी बाहेर जाऊन रडायचो.

तो गेल्यावर लॅपटॉप मी मावशीकडेच ठेवला. एक कळ दाबली की मिलिंद बोलेल, अशी सोय करून दिली. तिच्याजवळ त्याचा आवाज तरी राहावा, एवढंच मनात होतं.

आज कार्यक्रम आटोपला, माणसं गेली. मावशीनं आतून लॅपटॉप आणून माझ्या पुढ्यात ठेवला. धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेला.

"हे घेऊन जा बाबा."

"बिघडलं का मावशी?"

"न्हाई. म्या एकदाबी लावलं न्हाई."

मावशीनं टॉवेलाची घडी नीट केली.

"तो 'दुखत न्हाई' म्हनायचा, तवा म्या कुठं आइकत होते? म्या त्याच्या तोंडाकडं बघायची. तोंडावरून समदं समजायचं मला. आता तोंड न्हाई बघायला. निस्ता आवाज ठेवून काय करू?"

लॅपटॉप घेऊन आलोय. समोर टेबलावर आहे. उघडलेला नाही.

मिलिंद, मावशीला सगळं कळत होतं रे.

जय भीम, भावा. मनापासून आदरांजली.